काहीही न करता सर्व काही कसे करावे?

आळशी माणसाला आपल्याकडे तत्त्वज्ञानाचे पाठबळ कमीच. ‘करतो हळूहळू’ म्हटले तरी लोक कपाळाला आठ्या घालतात. अशा गरजूंनी थेट प्राचीन चीनमधून ‘वू-वेई’ मागवावी. लाओ-त्झूच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या 81 छोट्या प्रकरणांच्या ग्रंथात ती मिळते. ओढाताण न करता, ज्या त्या गोष्टीच्या कलाने वागावे, हे तिचे सार. त्याचा ‘काहीच करू नये’ असा सोयीचा अर्थ लावून पुढील कृती करावी.

पायरी पहिली : आदर्श निवडणे. इ. स. पू. 193 मध्ये हान साम्राज्याचा पंतप्रधान झालेला त्साओ शेन यासाठी उत्तम. पदावर बसताच त्याने काहीही बदलले नाही. दिवसभर मद्य घेत बसला. कोणी सल्ला द्यायला आला, की त्याने तोंड उघडायच्या आत हातात पेला द्यावा. पुन्हा तोंड उघडले, की दुसरा द्यावा. शेजारच्या वसाहतीत हाताखालचे लोक पिऊन गात असत. साहेबांनी त्यांची कानउघाडणी करावी म्हणून एकाने त्याला मुद्दाम तिकडे नेले, तर साहेबांनी तिथेच बैठक मारून सुरात सूर मिसळला! सम्राटाने जाब विचारला तेव्हा त्याने नम्रपणे सांगितले, की आधीच्या श्याओ ह या पंतप्रधानाने कायद्यांची घडी नीट बसवली आहे, ती विस्कटू नये म्हणजे झाले.

*टीप :* या पायरीसाठी आधी एक श्याओ ह लागतो. आपल्या कचेरीत तो होऊन गेला नसेल, तर पेला खाली ठेवावा.

पायरी दुसरी : हात चालवणे, पण जोर न लावणे. चुआंग-त्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या गोष्टीतला खाटीक डिंग पाहावा. साधे खाटीक महिन्याला सुरी बदलतात, याची 19 वर्षे तीच. धार नुकतीच लावल्यासारखी. तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यांच्या फटींतून पाते फिरवतो. अवघड गाठ आली की थबकतो, नजर रोखतो, सुरी अगदी सावकाश हलवतो. मग सगळे आपोआप सुटे होते.

*टीप :* ‘आपोआप’च्या आधी तीन वर्षे त्याला समोर नुसता अख्खा बैल दिसत होता.

पायरी तिसरी : काम दुसऱ्यावर सोपवणे. शक्यतो नदीवर. इ. स. पू. तिसऱ्या शतकात सिचुआनमध्ये ली बिंग या अधिकाऱ्याने मिन नदी धरण घालून अडवली नाही. पात्रात माशाच्या तोंडासारखा बांध घालून तिचे दोन प्रवाह केले. पूर आला की जादा पाणी आणि बराचसा गाळ नदीच वाहून नेते, आणि शेतीला पाणीही तीच देते. दूज्यांगयेनची ही व्यवस्था आजही चालू आहे.

*टीप :* माणसांनी फक्त डोंगर फोडला, बांबूच्या करंड्यांत दगड भरून बांध रचले आणि पिढ्यान्‌पिढ्या गाळ उपसला. किती खोल उपसायचे ते कळावे म्हणून तळाशी लोखंडी कांबीही पुरल्या.

शंका : मग आराम नेमका कधी?

समाधान : आपोआप होणारे काम कोणीतरी आधी करून ठेवलेले असते, किंवा रोज निगुतीने सांभाळत असते. आपल्या घरी ते कोण करते, याची चौकशी करूनच आडवे व्हावे.