सत्तरीतली पोरं हाताबाहेर!

अहो, ऐकलंत का? सध्या सोसायटीत जी कुजबुज चाललीय ती नव्या सुनेची नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंची नाही, आणि पळून गेलेल्या कुणाच्या पोरीचीही नाही. घरातले ज्येष्ठ बिघडलेत! रात्रीचे साडेअकरा वाजले तरी आजोबांच्या खोलीतून निळसर उजेड येतो, मधूनच खुसखुस ऐकू येते, आणि कुणी दार लोटलं की फोन उशीखाली. विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं : "काही नाही रे, बॅचचा ग्रुप आहे."

बॅचचा ग्रुप! पूर्वी निदान तंबाखू, पत्ते अशी व्यसनांना ओळखीची नावं तरी असायची.

हे लोण आलं कुठून, त्याचाही छडा लागलाय. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा फुकट झाला आणि मुलांनी आपापले जुने फोन आईबाबांच्या हाती दिले. का, तर व्हिडिओ कॉलवर नातवंडं दिसतील. नातवंडं दिसली, कौतुक झालं, आणि आठवडा उलटायच्या आत कुणीतरी 'बी.एस्सी. १९७३' नावाचा ग्रुप काढला. झालं! व्हॉट्सॲपच्या कंपनीनं वेसण घालून पाहिली. २०१८ साली भारतात नियम आला, की एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल. ज्यांनी रॉकेलच्या रांगा, टेलिफोनची वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी आणि वर आणीबाणी पचवली, त्यांना हा पाचाचा नियम काय अडवणार? पाच, परत पाच, परत पाच; दुपारची झोप गेली एवढंच. पुढे २०२२ साली त्याच कंपनीनं ग्रुपची मर्यादा २५६वरून आधी ५१२ आणि मग थेट १०२४ केली. म्हणजे आता अख्खं कॉलेज आत मावतंय, शिपाईमामांसकट.

पण बॅच गोळा करणं म्हणजे खायचं काम नाही हं. मुलगे सापडतात. आडनाव तेच, गाव तेच, बँकेतून नाहीतर वीज मंडळातून रिटायर्ड. मुली कुठून शोधायच्या? आपल्याकडे लग्नात आडनाव बदलायचंच, वर तांदळाच्या ताटात अंगठीनं कोरून पहिलं नावही बदलायचे. हजेरीपटावरची मुलगी लग्नाच्या हॉलमधून बाहेर पडली ती वेगळ्याच नावानं. आमच्या ओळखीच्या एका ॲडमिनकाकांनी कॉलेजच्या वार्षिक अंकातला फोटो मोठा करून घेतला, एकीच्या माहेरच्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या चेअरमनला गाठलं, तिथून तिच्या भावाला, भावाकडून मामेबहिणीला, आणि अखेर बोरिवलीला फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"मी... एस.वाय.ला तुमच्या मागे तिसऱ्या बाकावर बसायचो."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग आवाज आला, "बॉटनीचं जर्नल परत द्यायला फोन केलात का?"

आता बोला! पन्नास वर्षं त्या बाईनं जर्नलची थकबाकी मनात जपून ठेवली होती.

इथेच तर खरी भानगड आहे. तुम्हाला म्हणून सांगते. या पिढीत मॅट्रिक अकरावीला. त्यानंतर चार वर्षांची पदवी. दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली ती १९७५ साली, म्हणजे हे सगळे जुन्या पॅटर्नचे. आणि त्या चार वर्षांत मुलं आणि मुली एकमेकांशी बोललीच नाहीत! मुलींची पुढची दोन बाकं. सर वर्गात शिरले की त्यांच्या मागोमाग आत, सर निघाले की त्यांच्या मागोमाग बाहेर, आणि थेट लेडीज रूम. बोलायचं ते जर्नलपुरतं, तेही मान खाली घालून. तिकडे १९७२ साली रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' यांनी महाराष्ट्र ढवळून काढलेला. इकडे वर्गात "एक्स्क्यूज मी"च्या पुढे गाडी नाही. १९७३ला 'बॉबी' लागला तोही प्रत्येकानं चोरून पाहिला, आणि थिएटरात शेजारच्या रांगेत वर्गातलं कुणी दिसलं तर ओळख दाखवली नाही.

आणि तीच माणसं आता रात्री अकरा वाजता एकमेकांना विचारतात, "गुडघा कसा आहे गं? जेवलीस का?" अहो, गं! ज्या बाईला तिचे जावई वाकून नमस्कार करतात, तिला कुणी परपुरुष म्हणतो, "तू गप्प बस, तुला केमिस्ट्रीत काही कळायचं नाही." आणि बाई चिडत नाहीत, उलट हसणारे चार पिवळे चेहरे पाठवतात! एका काकांनी कुतूहलानं बायकोला म्हटलं, मलाही घ्या की तुमच्या ग्रुपमध्ये. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही कॉमर्सचे." अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार, आणि प्रवेश नाकारला कशावरून, तर शाखेवरून.

दिनक्रमही बघा. पहाटे साडेपाचला हजेरी सुरू. गुलाब, उगवता सूर्य, वाफाळता चहा, त्यावर सुविचार. नऊ वाजेपर्यंत ज्याचा गुलाब आला नाही त्याच्या घरी फोन जातो. पेन्शनवाल्यांना बँकेत हयातीचा दाखला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात द्यावा लागतो. इथे तो रोज. आणि जिथे हजेरी तिथे प्रॉक्सी आलीच! एक काका अँजिओप्लास्टीसाठी दाखल झाले. बोभाटा नको म्हणून काकू त्यांच्या फोनवरून रोज गुलाब टाकत राहिल्या. चोरी पकडली गेली ती शुद्धलेखनावरून. काका जन्मभर 'सूप्रभात' लिहीत आले, काकू पडल्या मराठीच्या शिक्षिका. "हा ऱ्हस्व उकार आपल्या माणसाचा नव्हे" असं कुणीतरी ओळखलं आणि तासाभरात चौघं हॉस्पिटलच्या दारात.

वाढदिवसांचा घोळ वेगळाच. १ जूनला निम्म्या बॅचचा वाढदिवस! होस्टेलची खेड्यातून आलेली पोरं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकली ती तारीख. मग दिवसभर केकांचा पूर, आणि त्यात मधेच कुणाच्या मेहुण्याच्या निधनाची बातमी. चष्मा न लावता टाइप करणारे दोघं-तिघं असतातच. वाढदिवसवाल्याला 'ओम शांती', आणि दुःखद वार्तेखाली अंगठा.

या सगळ्यावर कडी म्हणजे गेट-टुगेदर. मे महिन्यात उकडतं, पावसात गुडघे धरतात, दिवाळीत मुलं येतात. तेव्हा मुहूर्त डिसेंबरचा. १९६५ साली अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला आणि पुढच्या वर्षांत जे डॉक्टर-इंजिनिअर तिकडे गेले, तेही थंडीतच येतात. आणि पहिली भेट जुन्या कॉलेजातच. फर्ग्युसन १८८५चं, सांगलीचं विलिंग्डन १९१९चं, रुईया १९३७चं. या कॉलेजांच्या भिंतींनी चळवळी पाहिल्या, मोर्चे पाहिले. पण फेटे बांधून, एकाच रंगाचे टी-शर्ट घालून, वर्गात प्रॉक्सीवरून भांडणारे आजी-आजोबा पाहायचं त्यांच्याही नशिबी आत्ताच आलं.

त्यात सरकारचीही फूस. मार्च २०२० मध्ये रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत बंद केली तेव्हा सुना-मुलांना वाटलं, चला, आता बसतील घरी. कसले! २०२२च्या ऑगस्टपासून एसटीनं पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच माफ केलं आणि २०२३च्या मार्चपासून सगळ्या बायकांना अर्धं. आता लातूरचा माणूस अलिबागला 'जरा चहाला' जातो. एका ग्रुपचं संमेलन म्हणे दोन महिने पुढे ढकललं, कारण चौघांची पंच्याहत्तरी पूर्ण व्हायची होती. लाखालाखाची पेन्शन घेणारी माणसं, पण फुकट तिकिटाचा आनंद काही औरच.

गेट-टुगेदरला काय चालतं, तेही ऐका. खोल्या तळमजल्यावरच हव्यात, कमोड हवाच, जेवणात बिनतिखटाचं वेगळं टेबल हवं. एवढं सगळं ठरवून झालं, की बिनतिखटाच्या टेबलाकडे कुणी फिरकत नाही, गर्दी मिसळीपाशी. जेवणाआधी प्लास्टिकचे डबे उघडतात, सोम-मंगळ-बुध असे कप्पे, आणि मग "माझी पांढरी, तुझी कुठली?" अशी रक्तदाबाच्या गोळ्यांची तुलना. कराओकेवर तीन जण एकच गाणं मागतात. जुन्या सरांना शाल-श्रीफळ द्यायला बोलावतात तेव्हा तर फजितीच. सर तेव्हा नुकते एम.एस्सी. होऊन लागलेले, पंचविशीचे, विद्यार्थी एकोणीस-वीसचे. आता सर ऐंशीचे, विद्यार्थी चौऱ्याहत्तरचे. कॅटरिंगवाल्या पोरानं सत्काराचा हार भलत्याच टकलाच्या गळ्यात घातला, आणि खरे सर, रोज टेकडी चढणारे, शेजारी टाळ्या वाजवत उभे.

सिनेमावाल्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. २०१३ला 'दुनियादारी', २०१५ला 'क्लासमेट्स'. मल्याळममध्ये तो २००६लाच येऊन गेला होता आणि त्याची गोष्टच मुळी गेट-टुगेदरपासून सुरू होते. आणि आता तर शास्त्रही यांच्या बाजूला! हार्वर्डचा तो अभ्यास कुणीतरी दर महिन्याला ग्रुपवर टाकतंच. १९३८ साली सुरू झालेला. कॉलेजातले २६८ विद्यार्थी, त्यांत पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले केनेडीही. त्यांचा माग अभ्यासकांनी म्हातारपणापर्यंत काढला. निघालं काय, तर ऐंशीत कोण ठणठणीत राहील हे पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नात्यांवरून जास्त कळत होतं. हे वाचल्यापासून आमच्या शेजारच्या काकांनी लिपिड प्रोफाइल करणं सोडलंय.

पण मला एक गोष्ट खटकली, ती सांगून टाकते. हे सगळे मिरवतात काय, तर 'जुनी मैत्री'. कसली जुनी? निम्म्यांची तेव्हा ओळखसुद्धा नव्हती! मुलं-मुली बोलत नव्हती ते एक. पण वाड्यांतली शहरी मुलं आणि होस्टेलची खेड्यातली मुलं यांच्यातही पडदा तेवढाच जाड. कुणाच्या घरी कुणी पाणी प्यायला जायचं हेही न बोलता ठरलेलं. पहिल्या बाकावरच्या स्कॉलरला मागच्यांची नावंही ठाऊक नव्हती. मराठवाड्यातल्या एकानं मागच्या वर्षी ग्रुपवर पहिल्यांदाच लिहिलं, की बहात्तरच्या दुष्काळात घरून पैसे येणं बंद झालं, मेसचं बिल थकलं, आणि टी.वाय.चे कित्येक दिवस त्यानं रात्री नुसता चहा पिऊन काढले. वर्गात त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही तेव्हा पत्ता नव्हता. तो शेजारी आता अमेरिकेत असतो. त्यानं उत्तरात एकच ओळ लिहिली, "माझ्या डब्यात रोज चार पोळ्या असायच्या." पुढे दोन दिवस ग्रुपवर कुणी विनोद टाकला नाही.

म्हणजे बघा, मैत्री कोरी करकरीत आहे, बॅच तेवढी जुनी. तरुणपणी एकमेकांना टाळून ही मंडळी नोकरी, लग्न, मुलं, कर्ज उरकून आली, आणि आता सवडीनं, पहिल्यापासून ओळख करून घेतायत. कुणाला कुणाकडून बदली नको, शिफारस नको, मुलीसाठी स्थळही नको. असा मोकळेपणा विशीत कुठून मिळणार होता?

याचा पुरावा पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या खिडकीवर मिळाला. रात्री दोनला एका काकांना घेऊन त्यांच्या वर्गातल्या एक बाई पोचल्या. मुलगा न्यू जर्सीत, सून तिथेच. फॉर्मवर रकाना : रुग्णाशी नातं. बाईंनी लिहिलं, 'वर्गमैत्रीण'.

खिडकीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, असं नातं चालत नाही. बहीण लिहू का?"

"खबरदार," बाई म्हणाल्या. "बहीण काय म्हणून? त्यानं माझं जर्नल अजून दिलेलं नाही."

हो, त्याच बोरिवलीच्या. मुलीकडे कोथरूडला आल्या होत्या म्हणे. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. काका खडखडीत बरे झाले, मुलाला बातमी चौथ्या दिवशी कळली, आणि तो भडकला तेव्हा त्याला शांतपणे सांगण्यात आलं, की तुझी रजा कशाला वाया घालवायची, इथे आम्ही होतो ना.

तेव्हा समस्त मुला-सुनांनो, यांना समजवायच्या भानगडीत पडू नका. तुमचं कॉलेज होतं तेव्हा रात्री उशिरा येण्यावरून यांनी जी कारणं ऐकून घेतली, तीच कारणं हे आता तुम्हाला सांगतायत, तेही जास्त सफाईनं. फार तर एक चांगली पॉवर बँक घेऊन द्या. आणि डिसेंबरात पोरं सांभाळायला कुणी दुसरं बघा; यंदा तारकर्ली ठरलंय, आणि ॲडमिननं बजावलंय, नातवंडं आणायची नाहीत.