'टू'चा वॉशर

अण्णांना छंद आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत कुणालाच पडला नव्हता. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा पगार, गोत्र आणि जागा स्वतःची की भाड्याची, एवढंच विचारलं गेलं होतं. पण लेकीने मँचेस्टरला सहा महिन्यांसाठी बोलावलं आणि फोनवर बजावलं, "बाबा, इथे लोक आधी हवेबद्दल बोलतात, मग हॉबीज विचारतात. पगार, जमीन, मूलबाळ यातलं कुणी काही विचारत नाही. तुम्हीही विचारू नका." अण्णांचा चेहरा पडला. ज्याच्या जोरावर माणसाशी बोलायचं तेच काढून घेतल्यावर उरतं काय?

म्हणून अण्णा स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जायला लागले. तसं त्यांचं इंग्रजी कच्चं नव्हतं, अर्धं होतं. उभी हयात एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत स्टोअर सांभाळण्यात गेली. "गॅस्केट उडालं", "लायनिंग घासलं", "बुश ढिला झालाय" ही वाक्यं ते शुद्ध मराठी समजतात. नामांचा साठा गोडाऊन भरून होता. क्रियापदांचा इंडेंट तेवढा कधी कुणी भरला नव्हता.

शिकवणारी पोरगी चोवीस-पंचवीसची. ती यांना अंकल म्हणायची, हे तिला बाळ. पहिल्याच तासाला तिने हॉबीज हा विषय दिला. अण्णांनी उभं राहून, हजेरी देतात तसं, सांगितलं, "माय हॉबीज आर रीडिंग, गार्डनिंग अँड लिसनिंग म्युझिक."

"लिसनिंग टू म्युझिक, अंकल."

"हा टू कशाला?"

"तो लागतोच."

दुसरा कुणी असता तर घोकून मोकळा झाला असता. अण्णा रात्रभर विचार करत होते. सकाळी जिन्यात मला गाठून म्हणाले, "अरे, वॉशर आहे तो! लिसनिंग आणि म्युझिक नुसते आवळले तर मधून गळणारच." त्या दिवशी त्यांनी जुन्या स्टॉक रजिस्टरमध्ये नवं पान उघडलं. ते मी पाहिलंय. रकाने तीन: नग, वॉशर, शेरा. 'इंटरेस्टेड'ला 'इन'. 'फॉन्ड'ला 'ऑफ'. 'गुड'ला 'ॲट'. 'एन्जॉय'पुढे शेरा होता, "वॉशर नको, डायरेक्ट बसतो. मात्र पुढच्या क्रियापदाला आयएनजी लावूनच इश्यू करणे." 'लाइक'ला 'टू' आणि आयएनजी, दोन्ही चालतात असं कळल्यावर त्यांनी लाल शाईने लिहिलं, "युनिव्हर्सल". तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला पुरवून पुरवून वापरणाऱ्या आमच्या पिढीला इतकं सुटसुटीत व्याकरण कुणी शिकवलं नाही.

वाक्यं घट्ट बसली. अडचण अशी की ती सगळी खोटी होती. गार्डनिंग म्हणजे गॅलरीतली तुळस आणि एक कोरफड, दोन्हींना पाणी काकू घालतात. संगीत म्हणजे दाढी करताना सुरू असलेला रेडिओ. लग्नाच्या बायोडाट्यात आपण सगळेच रीडिंग-म्युझिक-ट्रॅव्हलिंग लिहितो, तसलाच प्रकार. अण्णा खरे रमतात ते जुन्या बाजारात. मंगळवार पेठेत दर बुधवारी आणि रविवारी तो भरतो, आणि फाटक्या ताडपत्रीवरच्या लोखंडाच्या ढिगात हात घालून अण्णा उकिडवे बसतात. घरी बोर्नव्हिटाचे अकरा डबे आहेत, स्क्रू आणि बोल्ट मापाप्रमाणे वेगळे केलेले. "काय करणार यांचं?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "असू दे. कधीतरी लागेल."

"हा यांचा छंद नव्हे, नाद आहे," काकू म्हणतात. फरक त्यांनीच समजावला होता. पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात तो छंद, आणि पाहुणे यायच्या आत पलंगाखाली ढकलावा लागतो तो नाद. इंग्रजीत दोन्हींना हॉबीच म्हणत असावेत असं अण्णांना वाटलं आणि त्यांनी धीर करून वर्गात सांगितलं, "आय एन्जॉय कलेक्टिंग स्क्रूज." पोरं हसली. बाळ म्हणाली, "अंकल, स्क्रूज नको, विचित्र वाटतं. स्टॅम्प म्हणा ना."

"स्टॅम्प गोळा करून बसवायचे कशाला?" अण्णांनी मराठीत विचारलं. त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

मँचेस्टरला शेजारच्या म्हाताऱ्याने कुंपणापाशी चौथ्या दिवशीच तो प्रश्न टाकला. अण्णांनी तिन्ही हॉबीज सगळ्या वॉशरांसकट खाडखाड सांगितल्या. म्हातारा गार्डनिंगलाच खूश झाला आणि त्याने फावडं हातात दिलं. पुढचे दोन आठवडे आमचे अण्णा परक्याचे वाफे खणत होते. कंबर धरली तरी 'आय एन्जॉय' म्हणताना आयएनजी सुटलं नाही.

मग एका रविवारी जावयाने त्यांना ऑक्सफर्ड रोडवरच्या व्हिटवर्थ पार्कात फिरायला नेलं. पाटी वाचून अण्णा जागच्या जागी थांबले. व्हिटवर्थ! बोल्टांच्या आट्यांच्या मापातल्या बीएसडब्ल्यूमधला डब्ल्यू! जोसेफ व्हिटवर्थ याच शहरात कारखाना चालवायचा. 1841मध्ये त्याने आट्यांचं माप बांधून दिलं, त्याआधी ज्याचा त्याचा आटा वेगळा असायचा. जावई आयटीतला. त्याला नुसता पार्क दाखवायचा होता.

संध्याकाळी कुंपणापाशी अण्णांनी म्हाताऱ्याला हाक मारली. "व्हिटवर्थ! फिफ्टी-फाइव्ह डिग्री! मेट्रिक, सिक्स्टी डिग्री!" नुसते आट्यांचे कोन, क्रियापद एकही नाही. म्हाताऱ्याने फावडं खाली ठेवलं आणि त्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. फळीवर ओळीने जॅमच्या बाटल्या, स्क्रू आणि बोल्ट मापाप्रमाणे. "हाफ इंच," अण्णा म्हणाले. "ट्वेल्व्ह थ्रेड्स," म्हातारा म्हणाला. नंतर आतून म्हातारीचा वैतागलेला आवाज आला. शब्द अण्णांना कळले नाहीत, पण ते म्हणतात, चाल काकूंचीच होती.

परतताना तेवीस किलोंची बॅग भरली ती म्हाताऱ्याने दिलेल्या बोल्टांनी. लेकीने नातेवाइकांसाठी घेतलेली चॉकलेटं अण्णांनी परस्पर काढून ठेवली होती. काकू अजून बोलत नाहीत. आम्हा शेजाऱ्यांनाही घरटी एकेक बोल्ट मिळाला, कागदात गुंडाळून, आहेरासारखा. माझा अर्ध्या इंचाचा आहे. याला नट कुठे मिळेल, असं मी विचारलं.

"आता नाही मिळायचा," अण्णा म्हणाले. "पण असू दे. कधीतरी लागेल."