२०० रुपयांत मलबार हिल

मुंबईत बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा फ्लॅट नवरा-बायकोने दोघांच्या नावावर घेतला, तर काय होतं बघा. मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे आणखी ४ लाख. एकूण झाले ९ लाख १० हजार. हा सगळा पैसा प्राप्तिकर कापून हातात पडलेल्या पगारातला, आणि त्यावर वर्षानुवर्षांचा हप्ता. आता मलबार हिलवरचा ५० कोटींचा फ्लॅट वडिलांनी बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केला, तर महाराष्ट्रात त्याचं मूळ मुद्रांक शुल्क किती? २०० रुपये. अक्षरी दोनशे फक्त. मृत्युपत्राने दिला तर तेवढंही नाही. मुलाला प्राप्तिकर शून्य.

कमावून घेणाऱ्याकडून वसुली आणि जन्माने मिळणाऱ्याला माफी, हा सरळसरळ अन्याय आहे. मोठ्या इस्टेटींवर वारसा कर लागलाच पाहिजे.

पण या कराचं नाव जरी काढलं तरी आपल्याकडे काय होतं, ते २०२४च्या लोकसभा निवडणुकीत दिसलं. काँग्रेसच्या सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा दाखला दिला. त्याच दिवशी काँग्रेसने ‘ते त्यांचं वैयक्तिक मत’ म्हणून हात झटकले. भाजपने प्रचारसभांमधून ‘लूट, लूट’ असा गजर केला. करावर बोलायला कुणीच थांबलं नाही. ज्याच्या नावावर गावाकडे चार गुंठे आणि डोंबिवलीत वन-रूम-किचन, त्याला वाटलं आपलंच घर जातंय.

जाणार नव्हतं. त्याच वर्षी फ्रेंच अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासाठी जी सूचना केली, ती १० कोटींच्या वरच्या इस्टेटींवर ३३ टक्के कर लावायची होती. जोडीला तेवढ्याच मर्यादेपुढे २ टक्के संपत्ती कर. त्यांच्याच हिशेबाने देशातल्या ९९.९६ टक्के प्रौढांना याची झळ लागत नाही. वरच्या एक टक्क्याच्या हातात देशाची ४० टक्के संपत्ती आहे, हा आकडाही त्यांचाच. शेतकऱ्याला घाबरवणाऱ्यांनी तर राज्यघटना उघडून बघावी. केंद्राच्या सूचीतला इस्टेट ड्युटीचा, म्हणजे मागे ठेवलेल्या इस्टेटीवरच्या कराचा, अधिकार ‘शेतजमीन वगळून’ आहे. शेतजमिनीचा विषय राज्यांकडे.

आणि लुटीचाच एवढा कळवळा असेल, तर एखाद्या तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात तासभर उभं राहावं. वडिलांचं वर्षश्राद्ध उरकलं की बहिणींना जीपमध्ये घालून आणतात. हक्कसोडपत्रावर सही नाहीतर अंगठा घेतात आणि हातात एक साडी ठेवतात. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना १९९४ पासून मुलाइतकाच हक्क आहे. तो अख्खा वाटा घरातल्या घरात गिळला जातो, तेव्हा एकाही सभेत गजर होत नाही.

वारसा कर हे परदेशातून आणलेलं खूळ आहे, असंही म्हणतात. १९५३ साली इस्टेट ड्युटीचा कायदा झाला तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो रद्द केला. कारण दिलं, वर्षाला जेमतेम २० कोटी मिळतात आणि वसुलीचा खर्चच जड जातो. आकडा खरा होता. पण २० लाखांपुढे दर ८५ टक्क्यांपर्यंत नेला, की माणूस कर भरायला नाही, वकिलाकडे जातो. अविभक्त कुटुंब, ट्रस्ट, आधीच केलेली बक्षीसपत्रं असे सगळे दरवाजे उघडेच होते. ते बंद करायचे सोडून कायदाच मोडीत काढला. पुढे १९९८ मध्ये देणगी कर गेला, २०१५च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी संपत्ती करही काढला. त्याच्या बदल्यात अतिश्रीमंतांवर अधिभार वाढवला, पण तो त्यांच्या उत्पन्नावर. साठवलेल्या संपत्तीला कुणी हात लावला नाही.

राहता राहिला नेहमीचा आक्षेप: बापाने एकदा कर भरलाय, पुन्हा कशाला? बापाने भरला तो पगारावर, धंद्याच्या नफ्यावर. मोठ्या इस्टेटींचा फुगवटा असतो जमिनीत आणि शेअर्समध्ये, आणि तिथली वाढ विकल्याशिवाय कराच्या कक्षेत येतच नाही. अटल सेतू सरकारी खर्चाने झाला, उरण-पनवेलकडचे भाव चढले. त्यासाठी जमीनमालकाने काय केलं? धरून ठेवली. तीच न विकता मुलाला, मुलाने नातवाला दिली, तर त्या वाढीवरचा कर पिढ्यान्‌पिढ्या पुढेच ढकलला जातो.

म्हणून १० कोटींपर्यंत एक पैसाही नको. त्यापुढे चढत्या टप्प्यांनी घ्या, ८५ टक्क्यांच्या वाटेला पुन्हा जाऊ नका. ट्रस्ट, अविभक्त कुटुंब आणि मरणाआधीच्या काही वर्षांतली बक्षीसपत्रं यांचा बंदोबस्त पहिल्याच मसुद्यात करा. वसुली जड जाते ही सबब १९८५ची आहे, तेव्हा इस्टेट शोधायला अधिकाऱ्याला कपाटं उघडावी लागत. आज शेअर्स डीमॅटमध्ये आहेत, खात्यांना पॅन जोडलेलं आहे, दस्तनोंदणी संगणकावर आहे. पगारदाराच्या बँकेतल्या व्याजाचा हिशेब ज्या सरकारला विवरणपत्र भरण्याआधीच ठाऊक असतो, त्याला ५० कोटींचा फ्लॅट सापडत नाही, हे मी मानणार नाही.