मेमरी नंबर तीन

डिजिटल पियानो घेताना दुकानदार ८८ पट्ट्या कौतुकाने दाखवतो. घरी आल्यावर कळतं, की खरी भांडणं पट्ट्यांच्या वरच्या चिमुकल्या बटणांवर होणार आहेत. टोन कोणता, त्याखाली व्हायोलिनचा थर द्यायचा का, रिव्हर्ब खोलीएवढा हवा की चर्चएवढा, ट्रान्सपोज किती, या सगळ्यांत माणशी एक मत.

आमच्या भाचीला ट्रिनिटीच्या परीक्षेसाठी साधा ग्रँड पियानो आणि मेट्रोनोम लागतो. आत्याचे अभंग काळी चारचे. साथीला बसणाऱ्या काकांचा हात मात्र पांढरी एकवरच चालतो, म्हणून ट्रान्सपोज मायनस चार. काका तसेच उठतात आणि लगेच भाची क्लासला बसते. ती सी मेजर वाजवते, ऑनलाइन सरांना ए फ्लॅट मेजर ऐकू येतं. "अगं, कुठल्या स्केलमध्ये वाजवतेयस?" "पुस्तकातल्याच, सर!" दोघांचंही खरं असतं.

बरं, तसंच सोडून द्यावं तर बरेच पियानो अर्धा तास कोणी हात लावला नाही की आपणहून बंद होतात आणि साठवून न ठेवलेलं सगळं विसरतात. अभंगानंतर चहा आला, चहावर गप्पा रंगल्या, की काकांची मांडणी गेलीच.

यावर उपाय मेमरीचा. मेमरीचं बटण धरून नंबर दाबला की सगळी मांडणी त्या नंबरात जाऊन बसते. पुढे नुसता नंबर दाबला की हजर. साठवणं आणि परत बोलावणं यांत फरक एका बोटाचा. ते बोट चुकून मेमरीवर राहिलं, तर आत्याच्या अभंगांवर भाचीची परीक्षा जाऊन बसते, आणि आमचा पियानो "नक्की ना?" असंही विचारत नाही. काही कीबोर्डांत 'फ्रीझ' नावाची सोय असते. नंबर कितीही बदला, नेमून दिलेल्या गोष्टी जागच्या हलत नाहीत. आमच्या आजोबांना ही सोय जन्मापासून आहे.

मेमरी ही एवढी साधी सोय, पण तिच्यासाठी वादकांनी पुष्कळ सोसलंय. पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चमध्ये १८६२ साली कावाये-कोल यांनी ऑर्गन पुरा केला. पाच कीबोर्ड, १०० स्टॉप! वादकाचे हातपाय आधीच गुंतलेले, तेव्हा आवाज निवडणारे हे स्टॉप आत-बाहेर करायला शेजारी मदतनीस उभे राहत. १९७०च्या मिनीमूगने सिंथेसायझर आटोपशीर केला, पण त्याला कालचं आज काही आठवत नसे. आवडलेला आवाज पुन्हा हवा असेल, तर कोणतं बटण कुठवर फिरवलं होतं ते कागदावर काढून ठेवायचं. मग १९७८मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्सने प्रॉफेट-५ आणला. त्यात मायक्रोप्रोसेसर होता, ४० आवाज साठवता येत होते. कागदाचं काम तिथेच संपायला हवं होतं.

तरी आमच्या पियानोवर एक वही असतेच, आणि तिला कारण आहे मेमरी नंबर तीन. तो दाबला की इलेक्ट्रिक पियानो, त्याखाली स्ट्रिंग्ज, ट्रान्सपोज मायनस दोन आणि देवळाच्या गाभाऱ्यासारखा रिव्हर्ब. कोणी, कधी, कोणत्या गाण्यासाठी साठवला, घरात कोणी कबूल होत नाही. पुसायचीही छाती होत नाही; न जाणो, उद्या कोणी "माझं तीन नंबर कुठे गेलं?" म्हणून उभं राहायचं. काय लावलं होतं ते यंत्राने चोख जपलंय. कशासाठी लावलं होतं, ते त्याला कोणी सांगितलंच नाही.

तानपुऱ्यात हा घोळ होत नाही. तिथे साठवायला काही नाही. गाणाऱ्याला विचारायचं, खुंट्या पिळायच्या, तारेखालचा जवारीचा दोरा सरकवायचा, सगळं त्या दिवसापुरतं. कशासाठी जुळवतोय हे जुळवणाऱ्याला माहीत असतं, कारण गाणारा समोरच बसलेला असतो.

म्हणून वहीत आता नंबरापुढे माणूसही लिहितात. दोन नंबरापुढे काकांचं अक्षर आहे: 'आत्या. काळी चार. सर्दी असेल तर काळी तीन.' सर्दीचं बटण अजून कुठल्याच कंपनीने काढलेलं नाही. तेवढं आत्यालाच विचारावं लागतं.