निऱ्यांवरून सरळ चालणारे मोर

श्री. रा. रा. ऑनलाइन साडीविक्रेते आणि त्यांचे कुशल फोटो-संपादक यांस,

सा. न. वि. वि.

आपल्या दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. या कलेत आता इतके गुणीजन उतरले आहेत की एकाचंच नाव घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

सर्वप्रथम आपले मनःपूर्वक आभार. ऐन लग्नसराईत आपण ‘अस्सल येवला पैठणी’ अठरा रंगांत उपलब्ध करून दिलीत, तीही अशा किमतीत की तेवढ्यात विणकराचं रेशीमसुद्धा यायचं नाही. अठराही फोटोंत मॉडेल तीच, उभं राहण्याची ढब तीच, कानामागून सुटलेली बटही तीच. बाईंनी अठरा साड्या नेसल्या आणि सोडल्या, पण एक निरी जागची हलली नाही. धन्य त्या बाई, आणि त्यांना नेसवणारे आपणही.

निऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आम्हा सामान्य बायकांच्या निऱ्यांत काठ घडीच्या आत जातो. मोराची मान एका निरीवर दिसते आणि पिसारा पुढच्या निरीच्या पोटात दडतो. चालताना तो क्षणभर बाहेर येतो, परत आत जातो. आपले मोर असल्या अडचणी मानत नाहीत. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, घडी असो वा सावली, ते एका रांगेत, एका मापाने, मान न वाकवता चालत जातात. भिंतीला चिकटवलेल्या वॉलपेपरवर शोभतील, असे.

पदर धरलेल्या हाताकडेही माझं लक्ष गेलं. मॉडेलच्या दोन बोटांवर आणि अंगठीवरही आपण जर विणली आहे. मास्क कापायला पाच मिनिटं जास्त लागली असती. ती आपण वाचवलीत, आणि वेळेची किंमत जाणणाऱ्याबद्दल मला आदरच आहे.

रंगांबद्दल तर किती आभार मानू! एक फोटो घेतला, ह्यूची पट्टी सरकवली, की झाली नवी साडी. फक्त त्या सरकण्यात जरही सापडली. हिरव्या साडीची जर हिरवट झाली, जांभळीची गुलाबी. सोनेरी आणि रुपेरी एवढ्या दोनच रंगांची जर पाहत आलेल्या आमच्या आज्यांना हा चमत्कार पाहायला मिळाला नाही, याचं वाईट वाटतं.

महोदय, मीही कॅटलॉगच्या फोटोंवर काम करते. कापडाची नक्षी फोटोतल्या वस्तूवर चढवणं आमच्या धंद्यात मुळीच गैर नाही. सोफा एक आणि कापडं चाळीस असतील, तर चाळीस सोफे शिवून फोटो काढायला कुणाला परवडणार? पण त्याची एक रीत आहे. फिक्या, साध्या कापडातल्या वस्तूचा चांगल्या उजेडात फोटो घ्यायचा. त्याचीच कृष्णधवल प्रत जराशी धूसर करून डिस्प्लेसमेंट मॅप बनवायचा. त्यातला मधला करडा नक्षीला जागेवर ठेवतो, गडद आणि उजळ भाग तिला उलटसुलट दिशांना सरकवतात, म्हणून ती घडीवर वळते. मग नक्षीचा लेअर मल्टिप्लायवर टाकला की खालच्या सावल्या तिच्यातून दिसू लागतात. मल्टिप्लाय सगळं गडदच करतो. त्यामुळे कापडाची चमक वेगळ्या लेअरवर, स्क्रीन वापरून परत आणावी लागते. शिवणीवर कापड तुटतं, म्हणून पाठ, बैठक आणि हात वेगवेगळे मास्क करून प्रत्येकावर नक्षीची दिशा वेगळी फिरवायची. आणि माप! कापडाचा पन्हा ठाऊक असला की फूल किती मोठं दिसायला हवं याचा हिशोब मांडता येतो. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. आपल्या फोटोत मोर तळहाताएवढा आहे आणि घरी येणाऱ्या साडीवर अंगठ्याएवढा. हिशोबाच्या कटकटीत आपण पडला नाहीत, हेही आपल्या उदार स्वभावाला धरूनच झालं.

हे सगळं बिनचूक केलं तरी पैठणीपाशी येऊन आमची विद्या थांबते. धूपछांव पैठणीत ताणा एका रंगाचा असतो आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. समोरून पाहिली तर साडी जांभळी वाटते, घडी वळली की तिच्यातून लाल उमटतो. पदर खांद्यावरून पाठीमागे उतरतो तिथे तर दोन्ही रंग एकमेकांत खेळत असतात. तो रंग कापडावर छापलेला नसतो. दोन रंगांचे धागे, उजेड आणि पाहणाऱ्याची जागा यांनी मिळून तो होतो. एका सपाट नमुन्याचा फोटो काढून तो बाईच्या अंगावर चढवला, तर हे त्यात येणार कुठून? पैठणी दाखवायची तर ती कुणाला तरी नेसवावीच लागते आणि खिडकीपाशी उभं करावं लागतं. याला दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही, आणि तो नाही याचा मला आनंद आहे.

आपण तो नमुना घेतलात कुठून, हेही विचारते. कुणा विणकराच्या किंवा प्रामाणिक दुकानदाराच्या फोटोतूनच ना? येवल्याला आणि पैठणला हातमागावर मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. तेवढ्याच जागेपुरता तो धागा फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवला जातो. म्हणून अस्सल पैठणी उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसते. साध्या कामाला काही आठवडे लागतात, भरगच्च पदराला कित्येक महिने. या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या पदरासाठी माणूस महिनोन्‌महिने मागावर वाकून बसतो, तो आपण दोन क्लिकांत उचललात. विणकराची मेहनत इतक्या वेगाने घरोघरी पोचवल्याबद्दल त्यांच्या वतीने आभार मानावेत म्हणते, पण तेवढं माझ्याच्याने होत नाही.

माझ्या मावशीने आपल्याकडून मोरपंखी रंगाची साडी मागवली होती, लेकीच्या लग्नात नेसायला. आलं ते पातळ पॉलिस्टर. जरीच्या जागी पिवळी छपाई. उलटी बाजू पांढुरकी. तक्रार केल्यावर आपलं विनम्र उत्तर आलं, की प्रकाशयोजनेमुळे प्रत्यक्ष रंगात थोडा फरक पडू शकतो. फरक रंगात पडला होता, कापडात पडला होता, विणीत पडला होता. प्रकाशयोजना केवढी प्रभावी असू शकते हे या धंद्यात राहूनही मला ठाऊक नव्हतं. मावशीने ती साडी घडी करून खोक्यात ठेवली आणि किंमत घरात कुणाला सांगितली नाही. तिने ते पैसे वर्षभर भिशीत साठवले होते.

एका गोष्टीने मला खरोखर अडचणीत टाकलं आहे. हे पत्र वाचून आपण मोर निऱ्यांत नीट वळवायला शिकलात, तर आणखी किती मावश्या फसतील? आज आपला आळस बायकांना वाचवतो आहे. सरळ चालणारे मोर पाहून निदान चारजणी तरी थबकतात. म्हणून हात जोडून विनंती करते, की आधी कापड बदला आणि सॉफ्टवेअर मग शिका. जी साडी पाठवणार तिचाच फोटो काढा, नेसवून काढा. विकायला छापील साडी असेल तर छापील म्हणा, सेमी पैठणी असेल तर सेमी म्हणा. तीही लोक आनंदाने घेतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. नमुना चढवून दाखवत असाल तर तसं फोटोखाली लिहा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक व्यवसायभगिनी

ता. क. हे वाचकांसाठी. घेण्याआधी साडीच्या उलट्या बाजूचा फोटो मागा, आणि पदर हातात धरून हलवतानाचा व्हिडिओही. सिल्क मार्क आणि हॅण्डलूम मार्क आहे का ते विचारा. तरीही फसलात तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.