घाटदाखवे

अंधेरी पश्चिमेस डी. एन. नगरच्या आसपास ज्या असंख्य सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, त्यांपैकी प्रत्येकीत अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार या त्रयीखेरीज आणखी एक पदाधिकारी असतो, ज्याची नेमणूक कोणत्याही सर्वसाधारण सभेने केलेली नसते, ज्याच्या पदाला उपविधींत आधार नसतो, आणि तरीही मृगाचे पहिले थेंब वाहनतळाच्या पत्र्यावर वाजू लागताच ज्याच्या अंगात त्या पदाचा संचार होतो. आपल्या मुलांना घाट दाखवणे हे त्याचे विहित कर्म. अशा गृहस्थांना मी मनातल्या मनात ‘घाटदाखवे’ म्हणतो. एरवी हे लोक निरुपद्रवी असतात. आठवड्याचे पाच दिवस मेट्रोत लोंबकळत कचेरीला जातात, आणि त्या पाच दिवसांत घाटाशी त्यांचा जो काही संबंध येतो तो घाटकोपर या स्थानकाच्या नावापुरताच असतो.

माझ्या शेजारच्या घाटदाखव्यांची अशी दृढ श्रद्धा आहे की, गोवर आणि पोलिओ यांच्याप्रमाणेच सृष्टिसौंदर्याचीही लस असते, ती विशिष्ट वयाच्या आत टोचली गेली नाही तर मूल पुढे जन्मभर मॉलमध्ये हिंडते, आणि ती टोचताना मूल रडले तरी पालकाने विचलित होता कामा नये. थोरली कन्या आठ वर्षांची, धाकटे चिरंजीव साडेचार वर्षांचे. म्हणजे दोघेही टोचणीयोग्य. माझ्यावर त्यांचा लोभ आहे तो मी सेवानिवृत्त आहे म्हणून नव्हे, तर अंगाने बारीक असल्यामुळे मागल्या आसनावर दोन मुलांच्या मधोमध, दाराच्या बिजागरीत कागदाची घडी बसवावी तसा, नेमका बसतो म्हणून आहे.

मोहिमेचा जाबता शुक्रवारी रात्री तयार होतो. कूच पहाटे पाचला, न्याहारी सातला, घाटमाथा नऊला, असे कलमवार लिहून तो सर्वांना वाचून दाखवण्यात येतो, आणि त्यावर सौभाग्यवती काहीही बोलत नाहीत; हे मौन संमतीचे नसून दीर्घ अनुभवाचे आहे. खरा बंदोबस्त त्यांच्याकडेच असतो. दशम्या, आलेपाक, लिंबे, मुलांचे कपड्यांचे तीन तीन जोड, आणि 2018 सालच्या प्लॅस्टिकबंदीपूर्वी दूरदृष्टीने साठवून ठेवलेल्या पातळ पिशव्यांचा गठ्ठा, एवढा सरंजाम त्या निमूटपणे पायांपाशी रचतात. पाचचे कूच पावणेसातला झाले. त्यानंतरही जोगेश्वरीहून एकदा पाण्याच्या बाटलीसाठी आणि पवईहून एकदा गॅस बंद केला की नाही या शंकेच्या निरसनार्थ गाडी माघारी फिरली. भोर घाटात पूर्वी आगगाडीला एका स्थानकावर तोंड फिरवून उलट दिशेने पुढची चढण चढावी लागे, ही व्यवस्था 1929 च्या सुमारास इंजिनिअरांनी मोडीत काढली. अंधेरीत मात्र ती अद्याप चालू आहे.

“बाबा, घाट आला?” हा प्रश्न धाकट्यांनी प्रथम विचारला तो पवईच्या उतारावर. त्यानंतर ऐरोलीच्या पुलावर, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आणि पनवेलपर्यंतच्या प्रत्येक सिग्नलला तो विचारला गेला, आणि घाटदाखव्यांचे उत्तर “आता येईल हं, राजा” पासून “आला की सांगेन” पर्यंत आणि तिथून “गप्प बस” पर्यंत क्रमशः उतरत गेले.

द्रुतगती मार्ग त्यांना मान्य नाही. बोगद्यातून घाट चढणे म्हणजे डोळे मिटून जेवणे, असे त्यांचे मत असून, ते मला सर्वस्वी पटते, फक्त जेवण पोटात राहावे एवढीच माझी पुरवणी असते. म्हणून खोपोलीला बटाटेवडे खाऊन गाडी जुन्या रस्त्याला लागली, घाट लागला, आणि तिसऱ्या वळणावर थोरलीला गाडी लागली. मराठी भाषेने एकाच क्रियापदावर किती भार टाकावा याला मर्यादा असायला हवी होती. गाडी लागण्यामागे एक शास्त्र आहे: कानाच्या आतल्या भागाला प्रत्येक हिसका कळत असतो, डोळ्यांना मात्र समोरच्या आसनाची निश्चल पाठ दिसत असते, आणि या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनाशा झाल्या की मेंदू गोंधळतो आणि पोट निकाल देते. उपाय इतकाच की मुलाने समोर लांबवर बघत बसावे. परंतु घाटदाखव्यांचा अंमल नेमका याच्या विरुद्ध असतो. “डावीकडे बघा, धबधबा! अगं, उजवीकडे बघ, दरी! वर, वर बघा!” अशा हुकमांसरशी दोन कोवळ्या माना चारी दिशांना गरगरा फिरतात, आणि सुकाणू स्वतःच्या हाती असल्यामुळे ज्याला प्रत्येक वळण आधीच ठाऊक असते तो चालक छातीवर हात ठेवून सांगतो, “मला कशी नाही लागत गाडी? सगळं मनावर असतं.” सौभाग्यवतींनी न वळता मागे एक पिशवी दिली. ती मी वेळेवर उघडली. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी थांबली. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना 1830 मध्ये हा रस्ता खुला झाला. पण साहेबाच्या मोजणीदारांना जी वाट सापडेना ती शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि इनामाऐवजी त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. वाहनवाले अजून इथे नाणे टाकून पुढे जातात. घाटदाखव्यांनी ही हकिकत फारच रंगवून सांगितली, कारण वाट दाखवणाऱ्याची कोणी कदर करीत नाही हे सूत्र त्यांच्या अंतःकरणाला भिडलेले आहे. कथा संपल्यावर धाकट्यांनी शेळ्या कुठे गेल्या एवढेच विचारले. ते ठाऊक नसल्यामुळे घाटदाखवे खिन्न झाले. पाच रुपयांचे नाणे टाकण्यासाठी त्यांनी खिसे चाचपले, तर अलीकडे सगळा व्यवहार फोनवर होत असल्यामुळे एकही नाणे निघेना. शेवटी ते मी उसने दिले आणि त्याचा जमाखर्च अद्याप झालेला नाही.

पुढे दोन्ही रस्ते एकत्र येतात तिथे त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि गंभीर स्वरात म्हणाले, “हा बघा अमृतांजन पूल.” मुलांनी वर पाहिले. वर आभाळ होते. इंग्रजी अमदानीतला तो पूल, ज्याला बामच्या जाहिरातीवरून नाव पडले होते, तो 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीची संधी साधून पाडण्यात आला, हे घाटदाखव्यांना माहीत नव्हते असे नाही. पण लहानपणी त्यांच्या वडिलांनी त्यांना तो दाखवला होता, आणि वडिलांनी दाखवलेली वस्तू यादीतून कमी करणे त्यांच्या जिवावर येते. “इथे होता,” ते हळूच म्हणाले. नसलेला पूल बघून मुले जेवढी समाधानी झाली तेवढी ती असलेले काही बघून दिवसभरात झाली नाहीत. बाम मात्र सौभाग्यवतींच्या पर्समध्ये होता, आणि मी तो कपाळाला चोळून घेतला.

राजमाची पॉइंटवर पोचलो तेव्हा घाटमाथा पिठीत बुडवून काढल्यासारखा पांढरा होता. “तो श्रीवर्धन, हा मनरंजन,” असे म्हणून राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले घाटदाखव्यांनी धुक्यात बोटाने दाखवले, आणि सर्वांनी शिस्तीने बोटाकडे पाहिले. थोरलीचे पूर्ण लक्ष एका माकडाने कोणाच्या तरी हातातून पळवलेल्या कणसाकडे होते. मग छायाचित्राची तयारी झाली: सर्वांनी दरीकडे पाठ केली, घाटदाखव्यांनी फोन धरलेला हात लांबवला, आणि नेमक्या त्या घटकेला पाठीमागचे धुके वाऱ्याने बाजूला सरकवले. अर्धा मिनिट, फार तर पाऊण. समोरचा काळाभोर कडा, त्यावरून सुटलेल्या पाण्याच्या धारा, खाली हिरव्याचे नाना अंश, सारे एकदम उघडे पडले. मी छायाचित्रात नसल्यामुळे मला ते दिसले. आणि दुसरे दिसले ते धाकट्यांना, कारण त्यांनी मान फिरवली होती.

“बाबा, आपलं गिल्बर्ट हिल!”

“इकडे बघ रे, फोनमध्ये बघ!” घाटदाखवे ओरडले.

साडेचार वर्षांच्या त्या भूगर्भवेत्त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. आमच्या गच्चीवरून रोज दिसणारा, माथ्यावर गावदेवी घेऊन उभा असलेला सुमारे 200 फुटांचा तो काळा सुळका आणि हा सगळा सह्याद्री एकाच ज्वालामुखीच्या कुळातले, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे सोयरे आहेत. पण अंधेरीहून निघून, दोनदा माघारी फिरून, तीन पिशव्या खर्ची घालून इतक्या लांब आलेल्या माणसाला, तुझ्या मुलाने घराशेजारचाच दगड ओळखला, हे सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. धुके परत मिटले. छायाचित्र उत्तम निघाले. त्यात तीन हसरे चेहरे, एक मानेचा मागला भाग आणि पाठीमागे निर्मळ पांढरा पडदा आहे.

चिक्की घेऊन आम्ही रात्री साडेनऊला परतलो. मुले पनवेलपासून झोपली होती, आणि घाटदाखवे आरशातून त्यांच्याकडे अधूनमधून पाहत होते. दिवसभरात त्यांनी स्वस्थपणे पाहिलेले दृश्य ते एवढेच.

येत्या शनिवारी माळशेजची मोहीम ठरली असून तिचे फर्मान लिफ्टच्या दाराशेजारी डकवलेले आहे. त्या दिवशी माझे गुडघे दुखणार आहेत. सबब मागल्या आसनावरची मधली जागा रिकामी आहे. अंगाने बारीक, पोटाने खंबीर आणि खिशात पाच रुपयांची नाणी बाळगणाऱ्या कोणा वाचकास ती हवी असल्यास त्याने शुक्रवार रात्रीच्या आत कळवावे. पिशव्या पुरेशा आहेत.