पारावरचा विद्यार्थी

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज येते ती दोनच ठिकाणी. एक पाण्याच्या टाकीवर आणि दुसरी मारुतीच्या पारावर, तीही पिंपळाला पाठ लावून तोंड भोरच्या दिशेला केलं तर. टाकीवर चढायचं माझं वय राहिलं नाही, म्हणून माझा व्यावसायिक विकास पारावर होतो.

व्यावसायिक विकास हा शब्द माझा नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. 26 वर्षं पहिली ते चौथीला शिकवून माझा काय विकास व्हायचा तो झाला, अशी माझी समजूत होती. ती धोरणकर्त्यांना कळवायची राहून गेली.

पूर्वी प्रशिक्षण म्हणजे कसं, तालुक्याला जायचं. सतरंजीवर बसायचं, सुलभकांनी गोल करायला सांगितला की गोल करायचा, टाळ्यांचे प्रकार शिकायचे, अकरा वाजता चहा, सहीला मस्टर. जेवणानंतर खांबाला टेकून डोळा लागला तरी शेजारचा कोपर मारायचा. आता खांब गेला आणि कोपरही गेला. आता अ‍ॅपं आली. त्यांची नावं ऐकली की वाटतं, आपण जिल्हा परिषदेत नाही, एखाद्या मठात नोकरीला लागलो आहोत. 2017 साली 'स्वयं' आणि 'दीक्षा' आली, 2019 साली 'निष्ठा' आली आणि कोरोनात शाळांना कुलूप लागल्यावर ही निष्ठा दीक्षेवर जाऊन बसली. म्हणजे दीक्षा घ्यायची, निष्ठा ठेवायची आणि जे करायचं ते स्वयं करायचं, कारण रविवारी पारावर मदतीला कोण येणार?

पारावरची मंडळी मात्र होती. कानात बोंडं घालून फोनकडे बघत बसलेला गुरुजी त्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता.

"गुरुजी, कसला पेपर हाय?"

"प्रशिक्षण आहे."

"अजून?" एक आजोबा म्हणाले. त्यांच्या तीन नातवंडांना मीच शिकवलं आहे. त्या 'अजून'मध्ये तिघांच्याही प्रगतिपुस्तकाचा हिशेब होता.

पहिला व्हिडिओ मी मन लावून पाहिला. दुसरा दीडपट वेगानं पाहिला. त्यातल्या बाई अध्ययन निष्पत्ती इतक्या भरभर सांगत होत्या की त्यांची एसटी चुकणार आहे असं वाटावं. तिसऱ्या व्हिडिओला माझ्यातला जुना चोर जागा झाला. फोन पारावर टॉवेलखाली ठेवला, व्हिडिओ चालू केला आणि मी घरी जाऊन शेळीला पाला टाकून आलो. परत आलो तोवर मी 'कृतियुक्त अध्ययन' पूर्ण केलेलं होतं. हिरवी खूणही आली होती. टॉवेलला मात्र प्रमाणपत्र मिळालं नाही.

मग चाचणी. 20 प्रश्न, पास व्हायला 14 हवेत. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर उत्तरांची यादी आधीच फिरत होती: एकला ब, दोनला ड, तीनला ब. मी प्रश्न न वाचता धडाधड दाबत गेलो. मार्क पडले 5. प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा येतो, हे शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्याला कुठून कळणार? आमच्या तिसरीतल्या एका बहाद्दरानं मागे शेजाऱ्याचा पेपर उतरवताना त्याचं नावही उतरवलं होतं. मी त्याला अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतं.

त्याचा सूड नियतीनं पुढच्याच कोर्सला उगवला. शेवटी 'आपला अनुभव किमान 100 शब्दांत लिहा' असं होतं. माझा अनुभव 12 शब्दांत संपत होता. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी त्यांचं लिखाण ग्रुपवर टाकलं होतं. उचललं, चिकटवलं, पाठवलं. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी निवडक अनुभवांचं वाचन ठेवलं आणि माझ्या नावापुढचं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं: "एक शिक्षिका आणि एक आई म्हणून मला या प्रशिक्षणाने घडवले." टाळ्या पडल्या. टाळ्यांचे प्रकार आमच्या मंडळींना पूर्वीच्या प्रशिक्षणात नीट शिकवलेले आहेत.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची कथा निराळी. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकाला हे कोड जोडले आणि 2020 साली 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली, हे ऐकून मला जितका अभिमान वाटला तितकीच माझ्या घरात चिंता पसरली. पारावर तर रोजचा प्रश्न, "गुरुजी, तुमचं कधी?"

म्हणून एकदा वर्गात कोड स्कॅन करायला घेतला. फोन वर नेला, खाली आणला, तिरका धरला. काही केल्या दाद देईना. चष्मा लावून बघतो तर पुस्तकाच्या मालकिणीनं कोडातले पांढरे चौकोन एकेक करून काळ्या पेन्सिलीनं भरले होते. अगदी रेषेबाहेर न जाता.

"हे काय गं?"

"रिकामे होते ना, गुरुजी."

रिकाम्या जागा भरा, असं पहिलीपासून तिला मीच सांगत आलो आहे. हा कोड 1994 साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांवर नजर ठेवायला निघाला. कारखान्यातलं तेल, ओरखडे सोसावेत म्हणून तो असा बांधला आहे की पक्क्यातला पक्का कोड सुमारे 30 टक्के खराब झाला तरी वाचता येतो. पण जपान्यांनी चौथीतल्या पोरीची चिकाटी हिशेबात धरलेली नसावी.

कोड चालला असता तरी वर्गात रेंज नव्हतीच. त्याच पोरीनं मग मला विचारलं, "गुरुजी, तुम्ही पारावरच डाउनलोड करून का आणत नाही? मग वर्गात रेंज लागतच नाही."

डाउनलोडचं बटण मी रोज बघत होतो. तो खाली जाणारा बाण म्हणजे पान खाली सरकवायचा, असं मी धरून चाललो होतो. दुपारच्या सुट्टीत तिनं मला पारावर नेलं. मी फोन तिच्या हातात द्यायला गेलो, तर तिनं घेतला नाही. "तुम्हीच करा." पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा भलतंच उघडलं. ती हसली नाही की ओरडली नाही. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा म्हणाली, "आता परत एकदा करून दाखवा." आजोबा बघत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात बेडकाच्या जीवनचक्राचा व्हिडिओ रेंजशिवाय चालला. 23 पोरं एका फोनवर अशी वाकली की बेडूक मला शेवटपर्यंत दिसला नाही.

पारावरच्या त्या तीन प्रयत्नांची नोंद कुठे करायची, हे मी केंद्रप्रमुखांना विचारलं. तसा रकाना नाही म्हणाले. त्यामुळे माझे 46 तास भरले असून मार्चअखेर 4 तास बाकी आहेत. मूल्यमापनाच्या मॉड्यूलची उत्तरं कुणाकडे असतील, तर कृपया प्रश्नांसकट पाठवावीत. आणि अनुभव पाठवणार असाल तर एखाद्या पुरुष शिक्षकाचाच पाठवा.